तळटीपकाकांचा रजिस्ट्रार

“मजकूर एक पान आणि टिपा दीड पान! काका, नाकापेक्षा मोती जड झालाय हो तुमचा.”

धाकट्या मालकांनी कागद माझ्या काउंटरवर आपटला. काकांनी तो उचलला, दुमडलेला कोपरा नखाने सरळ केला आणि विचारलं, “कुठली टीप काढू?”

“सगळ्या.”

“शेरीफची पण?”

“शेरीफ म्हणजे शेरीफ. अख्ख्या जगाला माहितीय.”

“अख्ख्या जगाला सिनेमातला माहितीय. कमरेला पिस्तूल लावलेला. आपल्या कोर्टाचा शेरीफ बघितलाय का तुम्ही? दमा आहे त्याला. लोकांच्या दारांना सील लावतो आणि कपाटं लिलावात काढतो. तिकडे इटलीतल्या जज्जाला वाटेल, या कागदातल्या बाईच्या घरी गोळीबार झाला.”

मला हसू आलं. धाकट्या मालकांना आलं नाही. त्यांना कुठल्याच विनोदावर लगेच हसू येत नसे. आधी त्यांना तो आपल्यावर नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागे. थोरले मालक, म्हणजे त्यांचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि यांचेही केस पांढरे झाले होते, तरी ते धाकटेच राहिले. आमच्या कचेरीत एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही.

कचेरी म्हणजे भाषांतराची. कोर्टाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. आमच्या कोर्टाचा कारभार इंग्रजीत चालतो आणि आमची अर्धी माणसं पोटासाठी परदेशात पसरलेली. त्यामुळे कोणाचा घटस्फोट, कोणाचं मृत्युपत्र, कोणाचं दत्तक असे इंग्रजी कागद आमच्याकडे येतात आणि दुसऱ्या भाषेत होऊन जातात. मी खाली मान घालून ते घेते, भाषांतर झालं की मूळ कागदाला फितीने शिवते आणि अर्धा या पानावर, अर्धा त्या पानावर असा शिक्का मारते. भाषांतर करणारा माणूस मग समोर कोर्टाच्या खिडकीत जाऊन हात वर करून शपथ घेतो, की मी लिहिलंय ते खरं आहे आणि या कागदात माझं किंवा माझ्या नात्यातल्या कोणाचं काही गुंतलेलं नाही.

इटालियनचे सगळे कागद काकांकडे. पाठीमागे त्यांना सगळे तळटीप म्हणायचे, तोंडावर काका म्हणायचे आणि गडबडीत कोणीतरी तळटीपकाका म्हणून जायचं. त्यांनाही ते ठाऊक होतं. टीप घातल्याशिवाय त्यांच्या हातून कागद सुटत नसे. कारण म्हणे, इंग्रजी पद्धतीच्या कोर्टातली माणसं इटालियन कोर्टात सापडतच नाहीत. हुद्दा सारखा दिसला तरी काम वेगळं, काम सारखं असलं तरी अधिकार वेगळा. आपल्याकडे सह्यांवर साक्ष घालणारा निवृत्त शाळामास्तर ज्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ हुद्द्याने मिरवतो, तोच हुद्दा तिकडे चक्क खटले चालवणाऱ्या न्यायाधीशाचा.

“नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा,” असं काका म्हणायचे. मग मला समजावं म्हणून अजून सोपं करायचे. “ताई, इंग्रजाला काका नि मामा एकच. म्हणून काय मामाच्या दारात जाऊन काकाच्या इस्टेटीत वाटा मागायचा?”

यावर त्यांचा तोडगा ठरलेला होता. सगळ्यांत जवळचा इटालियन शब्द घालायचा, त्यावर बारीक आकडा टाकायचा आणि पानाच्या तळाशी दोन ओळींत लिहायचं, की हा माणूस नक्की काय करतो आणि काय करू शकत नाही. ते इतक्या मन लावून लिहायचे, की त्या टिपा वाचून आपल्याच कोर्टातली माणसं मला नव्याने कळली.

त्या मुलुखात ते स्वतः कधीच गेले नव्हते. भाषा शिकले ती बंदरावरच्या एका म्हाताऱ्या जहाजी स्वयंपाक्याकडून, तरुणपणी, नोकरी नव्हती तेव्हा. पुढे स्वतःही संध्याकाळी चार-दोन जणांना शिकवायचे. त्या चार-दोन जणांतलाच एक त्यांचा जावई झाला. दिसायला नीटस, बोलायला गोड, धडा कधी न चुकवणारा. तिकडे नोकरी मिळवायची म्हणून शिकायला आला आणि शिकता शिकता शिक्षकाच्या मुलीलाही पटवलं. काकांना केवढा आनंद झाला होता! घरात कोणीतरी इटालियन बोलणारं आलं, याचा.

टिपांचं भांडण काही त्या दिवसाचं नव्हतं, पण त्या दिवशी धाकट्या मालकांकडे नवं हत्यार होतं. त्यांनी संगणकात भाषांतराचं यंत्र बसवून घेतलं होतं. पहिला खर्डा यंत्र काढणार आणि माणसाने तो फक्त तपासायचा. त्यासाठी यंत्राला एक यादी लागणार होती: डावीकडे इंग्रजी हुद्दा, उजवीकडे इटालियन. ती काकांनीच सांगायची होती.

काका सांगत गेले आणि नवी टाइप करत गेली. नवी म्हणजे इटालियनची दुसरी भाषांतरकार. कॉलेजातून रीतसर पदवी घेऊन आलेली हुशार पोरगी. समन्स पोचवणारा बेलिफ झाला, संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कोरोनर झाला. रजिस्ट्रारपाशी काका अडले.

“इथे दोन लागतील,” ते म्हणाले. “फायली सांभाळणारा रजिस्ट्रार वेगळा आणि निकाल देणारा वेगळा.”

“निकाल जज्ज देतो,” धाकटे मालक म्हणाले.

“पूर्वी. आता कायदा बदललाय. घरगुती भांडणांत रजिस्ट्रारच बसतो, ऐकतो आणि हुकूम काढतो. त्या खोलीत तोच जज्ज.”

“आपल्याकडे कुठला जास्त येतो?”

“फायलीवाला. दहांतले नऊ.”

“मग तोच घाला.”

“आणि दहावा आला की?”

“काका, यंत्रात एकाच शब्दाला जागा आहे. दहावा येईल तेव्हा बघू.”

“टीप तरी?”

“टिपेला रकानाच नाही.”

काकांनी पडद्यावरचा तो एकच रकाना पुन्हा बघितला. मग म्हणाले, “कांचेल्लिएरे.” म्हणजे कोर्टाचा मुख्य कारकून. शिक्के सांभाळणारा, तारखा लावणारा, नकला देणारा. नवीने ते टाइप केलं. थोरले मालक असते तर काका अजून भांडले असते. पण घरात बायको वारून वर्षही झालं नव्हतं आणि माणूस दोन आघाड्यांवर लढत नाही. ते पुढच्या शब्दाकडे वळले.

त्यानंतर कागद भराभर जाऊ लागले. टिपा गेल्या, पानं कमी झाली, गिऱ्हाईक खूश. धाकट्या मालकांनी नवी खुर्ची घेतली. काका पडद्यावर यंत्राचा खर्डा वाचत बसायचे. पूर्वी ते लिहिताना ओठ हलवायचे, ते बंद झालं.

आणि मग त्यांच्या घरावर ते आलं.

जावयाला तिकडे नोकरी लागली होती. लेक इथेच दातांच्या दवाखान्यात कामाला होती. नवऱ्याचं बस्तान बसलं की जाऊ, असं ठरलं होतं. पण फोन कमी होत गेले, भांडणं वाढत गेली. शेवटी वेगळं व्हायचं, यावर दोघांचं एकमत झालं. मग जावई सुट्टीत आला, त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला, चिमणीला, आपल्या आई-वडिलांना भेटवतो म्हणून घेऊन गेला आणि त्याच रात्री विमानात बसला. उतरल्यावर बायकोला कळवलं, की मुलगी आता इथेच राहील.

लेक कोर्टात गेली. कोर्टाने वेळ लावला नाही, हे मी मान्य करते. हुकूम स्पष्ट होता: मुलगी आईकडे राहील, बापाने तिला ताबडतोब परत आणून सोडावं. हुकूम काढला होता रजिस्ट्रारने. आता तो इटालियनमध्ये करून तिकडच्या कोर्टात द्यायचा, की तिकडचं कोर्ट त्याची अंमलबजावणी करणार. वकील म्हणाली, सगळं सरळ आहे, महिन्या-दोन महिन्यांत पोर घरी येईल.

लेक तो कागद घेऊन आमच्याच कचेरीत आली. दुसरीकडे कुठे जाणार? काकांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाले, “तिकडे दे. माझ्या टेबलावर ठेवू नकोस.”

काम नवीकडे गेलं. दुपारी ती पानं घेऊन काकांजवळ आली.

“काका, एकदा नुसती नजर टाकता? शपथ मीच घेणार आहे.”

काकांनी खुर्ची मागे सरकवली. “मी बघायचं नाही. नात्यातला कागद आहे.”

“कोणाला कळणारे?”

“उद्या जावयाच्या वकिलानं विचारलं, बाईच्या बापानं हे वाचलं होतं का, तर काय सांगशील?”

“नाही म्हणेन.”

“म्हणजे शपथेवर खोटं. आणि ते बाहेर आलं की सगळा कागदच बाद. माझ्या पोरीचा कागद आहे गं तो. त्याला बोट लागता कामा नये.”

एवढं बोलून ते उठले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. मी पानं शिवत होते. उघड्या दारातून त्यांची पाठ दिसत होती. हात मागे बांधलेले, परीक्षेच्या वर्गाबाहेर उभ्या असलेल्या बापासारखे. मी शिक्के मारले, नवी खिडकीत जाऊन शपथ घेऊन आली, पाकीट बंद झालं आणि मगच काका आत आले. मला त्या वेळी त्यांचा अभिमान वाटला होता. आता ती पाठ आठवली की संताप येतो. एवढं सोवळं कशाला पाळायचं माणसाने? बघायचं होतं एकदा, खोटं बोलायचं होतं. सगळं जग बोलतंय.

उत्तर आलं तेव्हा मी काउंटरवरच होते. लेकीच्या वकिलाने तिकडच्या कोर्टाचा आदेश आमच्याकडे पाठवला होता, आता तो उलटा, इंग्रजीत करून द्या म्हणून. नवी रजेवर होती. काकांनी पाकीट बघितलं, नाव बघितलं आणि या वेळी मात्र उघडलं. उभ्यानेच वाचलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं काढलं.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“म्हणतात, हा हुकूम न्यायाधीशाचा नाही. कोर्टाच्या कारकुनाचा आहे. कारकुनानं लिहिलेल्या कागदावर आम्ही बापाकडून लेकरू काढून घेऊ शकत नाही.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, मला शेरीफ समजावून सांगताना असायचा तसा. “बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं.”

“पण इंग्रजी कागद जोडला होता ना? मी स्वतः शिवलाय.”

“तो कोण वाचतंय, ताई? वाचता येत असता तर आपल्याकडे कशाला आले असते?”

ते खुर्चीत बसले. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी लेक आली. तिने दवाखान्याचा पांढरा कोटही काढला नव्हता. नवी तिच्या आधीच रडून डोळे सुजवून बसली होती आणि एकच घोकत होती, “यादीत तेच होतं. मी यादीतलंच घातलं. काकांनी सांगितलेली यादी आहे, मी कशी बदलणार?”

लेक काकांच्या टेबलासमोर उभी राहिली. “बाबा, शब्द कोणाचा होता?”

“माझा.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, रजिस्ट्रार हुकूम काढतो म्हणून?”

“माहीत होतं.”

“मग खाली लिहायचं असतं ना तुम्ही? जन्मभर लिहीत आलात. आई ओरडायची, जेवताना तरी त्या टिपा बाजूला ठेवा. आणि नेमकी माझ्या कागदावर नाही?”

“टिपा काढल्या होत्या.”

“कोणी काढल्या?”

धाकटे मालक आपल्या काचेच्या खोलीत उभे होते. फोन कानाला होता, पण पलीकडे कोणी नसावं, कारण ओठ हलत नव्हते. काकांनी एकदा तिकडे बघितलं.

“मीच,” ते म्हणाले. “मी हो म्हटलं होतं.”

“आणि तुम्ही वाचलंही नाहीत.”

“नात्यातला...”

“नात्यातलाच होता ना!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की खाली झेरॉक्सचं मशीन थांबलं. “तुमची नात आहे ती! कोणी परकी असती तर वाचलं असतंत. परक्यांना तळाला दोन ओळी, आणि मला जिन्यात उभं राहून पाठ!”

ती गेली. तिचा राग खोटा नव्हता आणि काकांचा नियमही खोटा नव्हता. दोघांच्या मध्ये पोर गेलं, एवढंच खरं.

पुढे काय करायचं ते सगळं झालं. नवं भाषांतर झालं, त्यात टिपा होत्या. रजिस्ट्रारला निकाल द्यायचा अधिकार आहे, असा इथल्या कोर्टाचा दाखला जोडला. पण वरातीमागून घोडं. तिकडे नव्याने अर्ज, नव्याने नोटीस, जावयाच्या वकिलाने मागून घेतलेल्या तारखा, मग उन्हाळ्याची सुट्टी. चिमणी बालवाडीत जाऊ लागली. शेवटी तिकडच्या न्यायाधीश बाईंनी निकाल दिला. हुकूम खरा आहे, त्या म्हणाल्या, आईचं म्हणणंही खरं आहे. पण मुलगी आता इथे रुळली आहे, इथलीच भाषा बोलते, आईची भाषा विसरली आहे. तिला आता हलवणं तिच्या हिताचं नाही. आईने दर रविवारी फोनवर बोलावं, सुट्टीत येऊन भेटावं.

हा निकालही आमच्याकडेच आला. नवीने मला वाचून दाखवला. काकांचं नाव कशातच नव्हतं. कुठल्या शब्दामुळे उशीर झाला, हेही नव्हतं. “काही प्रक्रियात्मक कारणांमुळे” एवढंच होतं.

धाकट्या मालकांनी मात्र हयगय केली नाही. त्यांनी लगेच यादी दुरुस्त करून घेतली. रजिस्ट्रारच्या पुढचा कारकून काढला आणि तिथे न्यायाधीश बसवला. सगळ्यांना बोलावून सांगितलं, की चुकांमधून आपण शिकतो. महिनाभरात एका माणसाचा जन्माचा दाखला आमच्याकडून भाषांतर होऊन गेला. त्यावर नगरपालिकेच्या जन्ममृत्यू रजिस्ट्रारची सही होती. यंत्राने बिनचूक लिहिलं, की सदर बाळ न्यायाधीशांच्या हुकुमाने जन्माला आलं. तो कागद परत आला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर डोकं ठेवलं. खांदे बराच वेळ हलत होते. हसणं कधी संपलं ते आम्हाला कळलं नाही, म्हणून आम्ही आपापल्या जागेवर जाऊन बसलो.

त्या महिन्याच्या अखेरीस ते कामावर येईनासे झाले. निरोप समारंभ वगैरे काही नाही. धाकटे मालक म्हणाले, त्यांनाच नको होता. असेल. विचारायला कोण गेलं होतं?

त्यांचा कप, जाड भिंगाचा जुना चष्मा आणि पाठीमागची उशी कचेरीतच राहिली होती. एका रविवारी ती घेऊन मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार लेकीने उघडलं. घटस्फोटानंतर ती वडिलांकडेच राहायला आली होती, कारण फोनवर बोलायला तिला तेच लागत होते. माझ्याकडे बघून ती हसली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “बसा ना. आता लागेलच फोन.”

जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. समोर दोन खुर्च्या चिकटून. लेकीने केस विंचरले होते, चांगला ड्रेस घातला होता. काका शेजारच्या खुर्चीत जरा मागे सरकून बसले, पडद्यात आपण फार येऊ नये म्हणून. मी सोफ्यावर टेकले.

पडद्यावर चिमणी आली. केस कानापर्यंत कापलेले, समोरचा एक दात पडलेला. मी तिला पाहिलं होतं ती कचेरीत काकांच्या मांडीवर बसून शिक्का मारायला मागायची तेव्हाची.

“विचारा ना, जेवलीस का,” लेक म्हणाली.

काकांनी इटालियनमध्ये विचारलं. चिमणीने उत्तर दिलं.

“म्हणते, हो. आताच.”

“विचारा, शाळेत मैत्रीण कोण आहे तुझी.”

त्यांनी विचारलं. पोर बोलली, काकांनी सांगितलं. आई प्रश्न पाठवत होती, आजोबा ते पोचवत होते, उत्तर परत आणत होते. काका एक शब्द गाळत नव्हते. पोर “अं...” करून थांबली तर तेही थांबायचे. लेक उत्तर ऐकताना काकांकडे बघत नव्हती. आवाज बापाचा, पण डोळे पोरीच्या तोंडावर, जणू ते तिच्याच तोंडून येतंय.

“सांगा तिला, मी सुट्टीत येणार आहे. तिकीट काढायचंय.”

काकांनी सांगितलं. चिमणीने मान हलवली. मग ती बाजूला वळली, पडद्याबाहेरच्या कोणाला तरी काहीतरी म्हणाली. लांब वाक्य होतं, हळू आवाजात, पण ऐकू आलं.

“काय म्हणाली?” लेकीने विचारलं.

काकांनी टेबलावरचा एक कण बोटाने उचलला. “म्हणते, बाहेर ऊन पडलंय. खेळायला जायचंय.”

“अगं मग जा की!” लेक एकदम खुलून म्हणाली. तिने दोन्ही हात हलवले, बोटांनी चालत जाण्याची खूण केली, पडद्याला पापा दिला. “जा, जा, खेळ! सांगा तिला बाबा, टोपी घाल म्हणावं.”

काकांनी टोपीचं सांगितलं. पडदा काळा झाला. लेक हसत हसत म्हणाली, “बघितलंत ना ताई, आज मला सांगून खेळायला गेली. मागच्या वेळी नुसतीच उठून गेली होती.” आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.

चहा घेऊन मी निघाले. काका मला सोडायला पहिल्या वळणापर्यंत जिना उतरले. तिथे कठड्याला धरून थांबले.

“काका,” मी म्हटलं, “उन्हाचं नव्हतं ना ते?”

“नाही.”

मी पुढे विचारलं नसतं. त्यांनीच सांगितलं. “बापाला विचारत होती, ही बाई रडायला लागायच्या आत फोन ठेवू का.”

धीराचं एखादं वाक्य बोलावं म्हटलं, तर तोंडाशी आलेलं प्रत्येक वाक्य खोटं वाटत होतं. मी नुसती त्यांच्या दंडाला हात लावला. दंड फार बारीक झाला होता.

वर दार उघडलं. लेक कठड्यावरून वाकली. हातात कपबशीचं फडकं होतं. “बाबा, गेल्या का ताई? अहो, ‘लवकर ये’ ला काय म्हणायचं? पुढच्या रविवारी माझं मीच म्हणते.”

काकांनी वर बघितलं. “तोर्ना प्रेस्तो,” ते म्हणाले.

“तोरना परेस्तो.”

“तोर्ना. पुन्हा म्हण.”

मी उतरू लागले. एक मजला उतरले, दुसरा उतरले. ते अजून तिथेच, वळणावर उभे होते आणि ती वर. शेजारच्या कोणीतरी दार उघडून बघितलं आणि लावून घेतलं. मी खाली रस्त्यावर आले तरी दोघांचं चालूच होतं. ती मोठ्याने म्हणत होती, चुकत होती आणि ते सांगत होते, पुन्हा म्हण.